चौदा कोयते म्हणजे माणसं किती?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा, नाही जमलं तर जेवढं बसतंय तेवढं छापा, पण कोयत्याचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

माझं धारूर तालुक्यात झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. दसरा जवळ आला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादम लोकांची गर्दी वाढते, टोळीच्या याद्या, करारनामे, आधारच्या झेरॉक्स, सगळं त्याच पंधरा दिवसात लागतं. गेल्या हंगामाच्या आधी असाच एक मुकादम आला, ओळखीचाच आहे, बाँड पुढं ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, लिही, चौदा कोयते." मी म्हणालो नावं सांगा. तर म्हणाला, "गड्यांची चौदा नावं टाक की, झाले ना चौदा कोयते." म्हणजे कागदावर नावं चौदा आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाणारी माणसं अठ्ठावीस, लेकरं वेगळीच. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर बसलेली एक बाई, तिचा नवरा त्याच यादीत होता, उठून आली आणि मला विचारती, "भाऊ, माझं नाव हाय का त्याच्यात?" मी स्क्रीनकडं बघत राहिलो. नव्हतं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. एकटा गडी असला किंवा एकटी बाई असली तर अर्धा कोयता. मुकादम कारखान्याकडून पैसे उचलतो आणि कोयत्यामागं उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, मग सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. नवरा तोडतो, बायको पाचट काढती, मोळी बांधती, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत टाकती, गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठून भरती, त्याच्या आधी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक तिचाच आणि नंतर भांडी पण तिचीच. एवढं करून हिशोबात ती अर्धी. आणि पोराचं लग्न लवकर उरकायचं कारण काय तर कोयता पुरा झाला पाहिजे, उचल पूर्ण मिळती. हे मी ऐकून सांगत नाही, माझ्याच गल्लीत झालंय.

त्या दिवशीपासून ती बाई डोक्यातून जाईना. मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं, आता दुकान बंद केल्यावर रात्री परत वाचायला लागलोय, आणि मला वाटतं की त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर शोधायचा प्रयत्न मोठमोठ्या लोकांनी अडीचशे वर्षांपासून केलाय, फक्त त्यांना कोयता माहीत नव्हता.

कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ, १७८५ मध्ये त्यानं एक साधी वाटणारी गोष्ट लिहिली. जगात प्रत्येक गोष्टीला एकतर किंमत असते नाहीतर प्रतिष्ठा. ज्याला किंमत आहे त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं ठेवता येतं. बैल मेला, दुसरा घेतला. पण ज्याच्या जागी दुसरं काही ठेवताच येत नाही, त्याला किंमत नाही, प्रतिष्ठा आहे, आणि माणूस तसा आहे. म्हणून माणसाला नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही. आता याच्यात नुसतं हा शब्द महत्त्वाचा आहे बरं का. कामाला लावणं म्हणजे अपमान असं कांट म्हणत नाही, आपण सगळेच एकमेकांच्या कामाला येतो, माझ्याकडं गिऱ्हाईक येतं ते माझ्या हाताच्या कामासाठीच येतं. पण काम घेताना समोर स्वतःचं आयुष्य असलेला एक माणूस उभा आहे हे विसरायचं नाही. आणि कोयता या शब्दात नेमकं तेच विसरलं जातं. कोयता हे हत्यार आहे, साधन आहे, अगदी शब्दशः. एक पळाला तर दुसरा आणायचा. मुकादम बोलताना असंच बोलतात, "तीन कोयते पळाले, दुसरे बघायला लागतील."

कुणी म्हणेल हे सगळं बरोबर पण माणसाच्या मनात कळवळा असला की आपोआप सगळं येतं, तत्त्वज्ञान कशाला पाहिजे. मला पण आधी असंच वाटायचं. पण आपल्या मराठीतच बघा, दुसऱ्याच्या दुःखाबद्दल किती शब्द आहेत आणि प्रत्येकाची जात वेगळी. कीव येते ती वरून खाली बघताना. दया पण देणाऱ्याच्याच हातात राहते. हळहळ चहा संपेपर्यंत टिकते. सहानुभूती भाषणात असते. कळवळा त्याच्यापेक्षा खोल, त्याच्यात कळ हा शब्दच बसलेला आहे, दुसऱ्याला लागलं आणि कळ आपल्याला आली. आणि आता शिकलेले लोक एम्पथीला समानुभूती म्हणतात. हा शब्द इंग्रजीत सुद्धा जुना नाही, जर्मन शब्दावरून १९०९ मध्ये तयार केला गेला.

याच्यावर एडिथ स्टाईन नावाच्या बाईंनी फार बारकाईनं विचार केलाय. पहिल्या महायुद्धात त्या दवाखान्यात नर्स म्हणून स्वतःहून गेल्या, जखमी सैनिकांची सेवा केली, आणि नंतर १९१६ मध्ये हुसर्ल या मोठ्या तत्त्वज्ञाच्या हाताखाली याच विषयावर पीएच.डी. केली. त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं, की तुमचं दुःख मला दिसतं तेव्हा ते दुःख माझं होत नाही, ते तुमचंच राहतं, माझं असतं ते फक्त दिसणं. पण ते दिसणं खरं असतं, मी काही अंदाज बांधून हिशोब करून तुमचं दुःख शोधून काढत नाही, ते तुमच्या तोंडावर मला थेट दिसतं. आपल्याकडं म्हणतात ना, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. स्टाईनबाईंच्या म्हणण्याप्रमाणं वंशाला न जाता सुद्धा कळतं, फक्त ते त्याचं आहे, माझं नाही, एवढं भान ठेवायचं. मला हे फार पटलं कारण आपण उलटं करतो, दुसऱ्याचं दुःख ऐकलं की लगेच "अरे मला माहीत आहे, माझं पण असंच झालं होतं" म्हणून स्वतःची गोष्ट सुरू करतो आणि समोरच्याची राहूनच जाते. या बाई ज्यू घरात जन्मलेल्या, नंतर ख्रिस्ती जोगीण झाल्या, तरी १९४२ मध्ये नाझींनी त्यांना ऑशविट्झला नेऊन मारलं. माणसाला माणूस म्हणून बघायचं कसं हे जिनं एवढं नीट मांडलं तिलाच जन्मावरून मारलं, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण कळवळ्याची एक अडचण आहे आणि ती मी लहानपणीच बघितलेली आहे. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, लोक रात्री उशिरा येऊन झोपले आणि पहाटे चारच्या आत सगळं खाली आलं. मी तेव्हा चौथीत होतो, आमच्या गावात पण भांडी पडली, आम्ही कित्येक दिवस अंगणात झोपलो. हजारो माणसं गेली. तेव्हा मदतीला सगळा देश आला, ट्रक भरभरून कपडे आले, भाकरी आल्या, आमच्या गावातून बायकांनी पोतंभर भाकरी बांधून दिल्या. ते खरंच होतं, कुणाचं मन खोटं नव्हतं. पण पुढं बातम्या कमी झाल्या तसं येणं-जाणं पण कमी झालं, ५२ गावं नव्या जागेवर बसवली आणि त्या नव्या घरात लोक कसे राहतात हे बघायला किती लोक गेले असतील? ॲडम स्मिथनं, तोच अर्थशास्त्रवाला, १७५९ मध्ये पहिल्यांदा छापलेल्या त्याच्या नीतीवरच्या पुस्तकात पुढच्या आवृत्तीत अगदी भूकंपाचंच उदाहरण दिलंय. तो म्हणतो समजा अख्खा चीन देश भूकंपात गेला, तर युरोपातला एखादा भला माणूस हळहळेल, माणसाचं आयुष्य कसं क्षणाचं आहे म्हणून चार शब्द बोलेल आणि रात्री गाढ झोपेल. पण उद्या स्वतःची करंगळी जाणार असं कळलं तर त्याचा डोळा लागणार नाही. मग स्मिथ पुढं विचारतो, की हाच माणूस करंगळी वाचवायला तेवढ्या कोट्यवधी माणसांचा जीव देऊन टाकील का? नाही देणार. का नाही? मन मऊ आहे म्हणून नाही, मन तर झोपलेलं होतं. त्याला अडवतो तो आतला एक साक्षीदार, जो सांगतो की बाबा तू पण अनेकांतला एक आहेस, तुझी करंगळी बाकीच्यांच्या जिवापेक्षा मोठी नाही.

तेव्हा अमेरिकेत शिकवणारे पॉल ब्लूम नावाचे मानसशास्त्रज्ञ तर २०१६ मध्ये इथपर्यंत गेले की समानुभूतीवर भरवसाच ठेवू नका, ती एका ठिकाणी झोत टाकते आणि बाकी सगळं अंधारात ठेवते. मला त्यांचं निम्मं पटतं. आमच्याकडं रात्री गाडी भरायची असली की डोक्याला बॅटरी बांधून बायका उसाच्या फडात जातात, बॅटरी जिकडं वळली तिकडची एक सरी दिसते, बाकीचा फड अंधारात. पण म्हणून बॅटरी फेकून द्यायची का? तिच्याशिवाय पाय कुठं पडेल ते कळणार नाही, साप-विंचू दिसणार नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की उजेड पडला म्हणून ती सरी तिथं उगवलेली नाही, ती आधीपासून आहे, आणि जिच्यावर उजेड पडला नाही ती पण तेवढीच आहे. माणसाच्या मोलाचं असंच आहे असं माझं म्हणणं आहे. मला तुमची दया आली म्हणून तुम्हाला मोल आलं असं नाही. मोल आधी आहे, कळवळा हे फक्त ते दिसायचं साधन. उलट धरलं तर मग ज्याचा फोटो पेपरात आला तो माणूस आणि ज्याचा आला नाही तो नुसता आकडा.

आता दुसरी बाजू. नुसता नियम धरला आणि कळवळा सोडला तर काय होतं ते पण माझ्या काउंटरवर दिसतं. दोनेक वर्षांपूर्वी एक बाई आली, तिशी-पस्तिशीची असेल, नवऱ्यानं आत्महत्या केलेली. शेतकरी आत्महत्येला सरकार एक लाख देतं, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून, हे बहुतेक वाचकांना माहीत असेल. त्याच्यासाठी प्रकरण पात्र ठरावं लागतं, सातबारा पाहिजे, कर्ज बँकेचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे. तिच्या नवऱ्याचं कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं होतं, त्याचा कागद कुठून आणायचा. तिच्या हातात एका ऑफिसातून आलेलं पत्र होतं, ते मला झेरॉक्स काढायला दिलं आणि विचारलं, "दादा, ह्यात काय लिवलंय?" मी वाचून सांगितलं की ताई, प्रकरण अपात्र झालंय. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अपात्र म्हंजी? ते शेतकरी नव्हते असं म्हणत्यात का?"

मी तिला निकष समजावून सांगितले. ती मान हलवत होती. पण मला तेव्हाच कळत होतं की ती निकष विचारत नाहीये. निकष लागतात हे मला मान्य आहे, सरकारी पैसा आहे, कुणालाही वाटता येत नाही, फाईल तपासणाऱ्या माणसावर पण वरून दाब असतो. माझी तक्रार शब्दाची आहे. कर्ज निकषात बसत नाही असं लिहा ना. अपात्र हा शब्द मेलेल्या माणसाच्या नावापुढं लागतो आणि त्याची बायको तो कागद पिशवीत घालून घरी नेती, पोरं मोठी होऊन तो वाचतात.

आपला मराठवाडा ही नाथांची भूमी. पैठणला नाथषष्ठीला लाखो लोक जातात, आणि काशीची कावड रामेश्वरला नेताना नाथांनी ते गंगेचं पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं ही गोष्ट आपल्या आज्जीनं सांगितली नाही असं घर नसेल. आपण ती गोष्ट दयेची म्हणून सांगतो. मला आता ती वेगळी दिसते. गाढव पात्र आहे का हा प्रश्नच तिथं आला नाही. तहान लागलेली दिसली, बास. आणि सोबतच्या लोकांना जे पाणी देवाचं वाटत होतं ते योग्य ठिकाणीच पोचलं असं नाथांनी मानलं, म्हणजे त्या मुक्या जनावराला त्यांनी देवाच्या जागी ठेवलं, खाली वाकून भीक घातली नाही. दयेत आणि याच्यात फार फरक आहे.

बाबासाहेबांनी हाच फरक दुसऱ्या बाजूनं सांगितलाय. बुद्धाच्या शिकवणीबद्दल लिहिताना ते म्हणतात की करुणा माणसांपुरती आहे, करुणेवर थांबायचं नाही, त्याच्याही पुढं मैत्री आहे, ती सगळ्या जीवांसाठी. मैत्री शब्द बघा, मैत्रीत कुणी वर नाही कुणी खाली नाही. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी बजावून ठेवलं की राजकारणात आपण एक माणूस एक मत आणि एका मताला एकच मूल्य हे मान्य करू, पण समाजात आणि पैशाच्या व्यवहारात एक माणूस एक मूल्य हे नाकारत राहू, आणि ही विसंगती फार काळ चालणार नाही. त्यांनी हे सांगितल्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली. मतदानाच्या दिवशी त्या पायरीवरच्या बाईचं मत एक असतं, पूर्ण एक. तिला कारखान्यावरून आणायला गाड्या पण येतात. आणि दसऱ्याला ती परत अर्धी होते. संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा हे शब्द आहेत, माझ्या पोराच्या पुस्तकात पहिल्याच पानांवर आहेत, तो रोज परिपाठाला म्हणतो.

आता मला माहीत आहे काही वाचक म्हणतील शब्दात काय आहे, दर वाढवा. दर वाढलेच पाहिजेत. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, चांगलंच झालं, त्यासाठी संघटनांनी कोयता बंद केला होता, लोक अडून बसले होते. पण हिशोबाचं एकक कोयता आहे तोपर्यंत वाढलेले पैसे पण नवऱ्याच्याच नावावर जातात. आणि एकक हत्यार असलं की हत्याराला पाळी येत नाही, हत्याराला बाळंतपण नसतं. खाडा पडला की दंड. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण देशभर गाजलं, सरकारनं समिती नेमली, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. मला वाटतं त्याची सुरुवात दवाखान्यात झाली नाही. सुरुवात यादीत झाली, जिथं तिचं नावच नव्हतं.

आणि हो, आमचे लोक स्वतःच स्वतःला कोयता म्हणतात, हे पण खरं आहे. "आमचा एक कोयता हाय" असं नवरा सांगतो, बायको पण सांगती, त्याच्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, कष्टाचा अभिमान पण असतो. त्यांनी म्हणावं. माझं म्हणणं त्यांच्या तोंडच्या शब्दाबद्दल नाही, दुसऱ्यानं त्यांना मोजताना वापरलेल्या शब्दाबद्दल आहे. मुकादमाला पण मी वाईट म्हणत नाही. हा माझ्या ओळखीचा मुकादम स्वतः बारा वर्षं तोडायला जायचा, त्याच्या आईचं मानेचं दुखणं मोळ्या वाहून झालेलं आहे, आणि कारखान्याची उचल अंगावर आली म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानं एक एकर विकलं. त्याला पण कुणी माणूस म्हणून मोजत नाही, त्याला विचारतात कोयते किती देतोस.

तर संपादक साहेब, तुम्हाला विनंती एवढीच की बातमीत आणि मथळ्यात "कोयत्यांचा तुटवडा", "एवढे कोयते रवाना" असं छापता तिथं मजूर लिहा, बायका आणि पुरुष किती ते लिहा, अपघात झाला तर गेलेल्या बाईचं नाव लिहा, "ऊसतोड मजुराची पत्नी" एवढ्यावर सोडू नका. आणि साखर कारखान्यांचे जे कुणी हे वाचत असतील त्यांना विनंती की करारावर दोघांची नावं घ्या आणि पैसे दोघांच्या खात्यात टाका. सगळ्यांचे आधार आहेत, खाती आहेत, मीच काढून दिलीत. अवघड नाही.

त्या दिवशी पुढं काय झालं ते सांगून थांबतो. मी मुकादमाला म्हणालो, बायकांची नावं पण टाकू, टायपिंगचे जास्त पैसे घेणार नाही. तो आधी कंटाळला, मग म्हणाला बरं टाक. पण त्याला स्वतःला फक्त चारच बायकांची नावं माहीत होती, बाकी सगळ्या अमक्याची मंडळी, तमक्याची मंडळी. मग तिथंच स्टुलावर बसून त्यानं एकेका घरी फोन लावला. फोनवर गडी लाजायचे, आमच्याकडं जुने लोक अजून बायकोचं नाव तोंडानं घेत नाहीत, दोन-तीन जणांनी तर "थांबा तिलाच देतो" म्हणून फोन बायकोकडं दिला. आणि त्या बायका स्वतःचं नाव सांगायच्या, काहीजणी हळू, काहीजणी एकदम मोठ्यानं, आणि एकीनं नावाच्या पाठोपाठ बापाचं नाव आणि माहेरचं गाव पण सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. मी ते पण टाईप केलं.

आपला नम्र,
एक वाचक, ता. धारूर, जि. बीड
(नाव छापू नये, दुकान गावातच आहे)